काढू का? आसू द्या!

दाताच्या दवाखान्यात किस्से का साठतात, ते आधी सांगतो. दुसऱ्या डॉक्टरकडे रोगी बोलतो आणि डॉक्टर ऐकतो. आमच्याकडे रोगी तोंड उघडून बसलेला, त्याला बोलायची सोयच नाही. मग त्याच्या वतीनं उरलेलं सगळं गाव बोलतं! मामा बोलतो, मेहुणा बोलतो, गाडी हाकत आलेला गडी बोलतो. बाहेर ओट्यावर पान लावत बसलेला एखादा, ज्याचा त्या दाताशी काडीचा संबंध नाही, तोसुद्धा दारातून डोकं आत घालून सांगून जातो, "काढून टाका की राव, कशाला ठिवताय!" रोज हे चाललं की किस्से साठणारच.

मी सांगायला लागलो की मित्रमंडळी पोट धरून हसतात. हसा बापडे! माझं मात्र अजून डोकं तापतं. कारण या सगळ्या किश्श्यांत दात एकाचा असतो आणि निकाल भलताच कुणीतरी देतो.

हे सगळं एकोणीसशे तीस सालानंतरच्या वर्षांतलं. कालव्याच्या पाण्यानं बारामती-इंदापूरकडे जिकडेतिकडे ऊस झाला होता, लासुर्ण्याच्या बाजूला साखरेचा कारखाना उभा राहत होता, घरोघरी गोड चहा आला होता आणि चहाच्या पाठोपाठ कीड दातात येऊन बसली होती. बारामतीच्या पेठेत अण्णांचा दाताचा दवाखाना होता. अण्णा माझे नात्यानं कुणी नव्हेत. वयानं आणि अनुभवानं थोरले, म्हणून अण्णा. मी कलकत्त्याहून शिकून आलो आणि त्यांच्या हाताखाली लागलो. तिसरा आमचा कंपाउंडर गणपत. इंदापूरच्या बाजारादिवशी आम्ही तिघं सर्व्हिस मोटारीनं तिकडं जायचो आणि भाड्याच्या एका खोलीत खुर्ची मांडून बसायचो.

अण्णांचा हात विलक्षण. पक्कड लावली की रोग्याला कळायच्या आत दात बाहेर! काढलेला दात ते धुऊन खिडकीतल्या काचेच्या बरणीत टाकायचे. "ही माझी जाहिरात," असं म्हणायचे. त्यांचं सगळं शास्त्र एका ओळीत बसायचं, "दात गेला की दुखणं गेलं."

मी एकदा चिडून विचारलं, "मग डोकं दुखलं तर काय करायचं?"

अण्णा म्हणाले, "तुझंच फार दुखतं. तुझ्यापासून सुरुवात करू!"

* * *

सणसरचे एक आबा आले. पेरूची बाग, अंगानं धट्टेकट्टे, पण गाल असा फुगलेला की एखादा पेरू गालातच राहून गेलाय असं वाटावं. वरची दाढ पार गेलेली, मुळाशी पू. दात वाचवायचं वेड असलेला मी, पण ती दाढ बघून मीसुद्धा म्हणालो, "आबा, ही काढायलाच पाहिजे."

"न्हाय!"

"का?"

"वरची हाय. वरची काढली की डोळा जातो."

मी कागद घेतला. डोळा काढला, दाढ काढली, दोघांच्या नसा वेगवेगळ्या काढून दाखवल्या. आबांनी कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला आणि म्हणाले, "ह्यो डोळा तुमचा हाय. माझा न्हाय."

मी घसा फोडून समजावत होतो. पू वर चढला तर खरंच डोळ्यावर येईल, हेही सांगितलं. शेवटी आबांना माझी दया आली असावी. म्हणाले, "बरं, तुमी एवढं म्हनताय तर काय तरी काढाया पायजेच. मग असं करा. हिच्या खालची काढा!"

"खालची? अहो, खालची ठणठणीत आहे!"

"तेच की! खालच्या दाढंला डोळ्याची भीती न्हाय. आन् खालची गेल्यावर ही वरची चावल कुनाला? एकटी पडली की आपोआप गप बसंल."

मी कपाळाला हात लावला. मागून अण्णांचा आवाज आला, "मुद्दा आहे हं त्यांचा!"

* * *

लासुर्ण्याकडचा भिवाजी हा दुसरा. उसाचा बागाईतदार, स्वभावानं गरीब. दाढेला खड्डा पडलेला, पण वाचण्यासारखी होती. मला आनंद झाला. मी खड्डा साफ केला, कापसाच्या बोळ्यावर औषध घालून तो आत बसवला आणि म्हणालो, "भिवाजी, ही काढायची नाही. पुढच्या आठवड्यात भरून टाकू."

"भरायची व्हय?" भिवाजी एकदम खूश. "मग सोपं हाय की!"

पुढच्या आठवड्यात तो बायकोला घेऊन आला. बघतो तर बोळा गायब, औषध गायब आणि दाढेच्या भोवती सगळं पांढरं पडलेलं. "हे काय केलंत?" म्हणून मी ओरडलो.

बायकोनंच उत्तर दिलं. "डाक्टर, ह्यांनी आठ दिस दुसरं कायबी काम केलं न्हाय. सकाळ, दुपार, सांज तोंडात पानी धरून बसत्यात. बोलाया गेलं तर हातानं सांगत्यात, गप, भरणं चाललंय!"

आता आमच्या भागात भरणं म्हणजे पिकाला पाणी देणं. ऊस भरतात, मका भरतात. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं येतं आणि पाळी आली की माणूस सगळं सोडून बांधावर. हे मला कळायला हवं होतं की भिवाजीला, ते देवाला ठाऊक. पण माझी सगळी मेहनत त्यानं चूळ भरून धुऊन टाकली होती!

"अहो, भरायची म्हणजे पाण्यानं नव्हे! आणि ती मी भरणार होतो!"

भिवाजी शांत. "तुमी यायचं तवा येनार. पाळी चुकली तर ऊस वाळतोय, तितं दाढंचं काय घिऊन बसलाय!"

मी दात-ओठ खात पुन्हा सगळं साफ केलं, सिमेंट कालवलं, घट्ट भरलं आणि निक्षून सांगितलं की आता झालं, आता हात लावायचा नाही. भिवाजीनं जिभेनं चाचपून बघितलं, समाधानानं मान डोलावली आणि निघताना दारातून विचारलं, "आता फुडची पाळी कवा?"

* * *

शिवराम नावाचा एक शेतकरी भावकीसकट आला होता. खुर्चीत शिवराम, भोवती त्याचे भाऊ आणि चुलते. दाढ काढायची की ठेवायची, यावर त्यांची तिथंच पंचायत सुरू झाली. एक म्हणे काढा, आज ना उद्या त्रासच हाय. दुसरा म्हणे ठेवा, म्हातारपणी भाकरी कशानं चावंल? तिसरा चुलता कधीकाळी कुणाची तरी दाढ काढल्यावर तो माणूस बहिरा झाल्याचं सांगत होता. गणपतनं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, तर ते त्याच्यावरच उखडले.

शेवटी कुणीतरी हात वर करायला लावले. काढा म्हणणारे जास्त भरले. तोंड उघडून बसलेल्या शिवरामानं धडपडत आपलाही हात वर केला आणि "ठेवा, ठेवा" अशी खूण केली. मला वाटलं, चला, ज्याचा दात त्याचं मत तरी कळलं!

तर थोरल्या भावानं त्याचा हात धरून खाली केला. "तू गप रं! तुला काय कळतंय? तुझा तर दातच दुखतोय!"

त्या दिवशी मी सगळ्यांना हाताला धरून ओट्याखाली उतरवलं. अण्णा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गिऱ्हाईक घालवलं म्हणून नव्हे, पक्कड उचलून झाली होती म्हणून.

* * *

आता हा किस्सा मला सांगवत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचा कळायचा नाही.

लासुर्ण्याकडच्याच एका मोठ्या बागाईतदाराचं घर. म्हाताऱ्याचं नाव नगाजी. गाव त्यांना तात्या म्हणायचं. आई होती तोवर ती "नगा" म्हणून हाक मारायची. ती गेल्यावर नुसत्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं आणि मारायची कुणाची छातीही नव्हती. घरात दोन सुना.

थोरली सून दुखऱ्या दाढेसाठी बैलगाडीनं आली. सोबत गाडीवान, तो बाहेर बैलांपाशी. खालची दाढ, खड्डा लहान. मी बघितली आणि अण्णांना म्हणालो, "ही भरूया. मी सिमेंट कालवून आणतो." मी आतल्या खोलीत गेलो. तेवढ्यात अण्णांनी आपलं रीतीप्रमाणं विचारलं, "काय बाई, काढू का?"

पदराआडून उत्तर आलं, "आसू द्या."

आमच्या भागात 'आसू द्या' म्हणजे 'चालेल, करा'. आसू द्या तर आसू द्या! मी सिमेंटची वाटी घेऊन बाहेर येतो तो दाढ अण्णांच्या पकडीत आणि बाईंचे डोळे वाहतायत. दुखल्यामुळं नव्हे, भरण्यासाठी मीच आधी सुई टोचून बधिर केलेलं होतं. त्या दाढेकडं बघत होत्या आणि म्हणत होत्या, "अवं, मी आसू द्या म्हनलं हुतं की!"

अण्णा म्हणाले, "हो, म्हणूनच तर काढली!"

बाईंनी आमच्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू आम्ही दोघंही वेडे आहोत. मी स्टूल ओढून समोर बसलो. "बाई, तुम्हाला काढायची नव्हती का?"

"न्हवती की!"

"मग तसं का नाही म्हणालात?"

"तेच तर म्हनलं. आसू द्या म्हनलं."

माझ्या डोक्यात काही शिरेना. मी म्हणालो, "अहो, नको असलं तर माणूस नगं म्हणतो. काढू नगा म्हणतो."

बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मग खाली बघून हळूच म्हणाल्या, "आमच्या घरात त्यो शबुद बायका उच्चारत न्हाईत. मामंजींचं नाव हाय."

"काय नाव आहे मामंजींचं?"

"आता मी कसं सांगू? तुमी म्हनता न्हवं का, जाऊ अमकं, येऊ अमकं, मारू अमकं... त्यातलं शेवटचं."

मी मोठ्यानं म्हणून बघितलं. जाऊ नगा. येऊ नगा. मारू... "नगा!"

बाईंनी चटकन पदर तोंडावर ओढला. आणि मग मला सगळं कळलं. सासऱ्याचं नाव नगा, म्हणून सुनांना 'नगा' बंद. नगा बंद, म्हणून 'नगं' पण बंद. सासूला तर लग्नापासूनच दोन्ही बंद, तिचा नवराच तो. भात वाढू का? आसू द्या. चहा घेता का? आसू द्या. त्या घरात सगळ्यांना ते बरोबर कळतं. बाहेर कुणाला कळणार? बाहेर 'आसू द्या' म्हणजे चालेल, करा!

तुम्ही हसलात ना? मला सांगा, यात हसायला काय आहे? एका घरातल्या सगळ्या बायकांच्या तोंडातून 'नको' हा शब्दच काढून घेतलेला. एक दात गेला तर माणूस दुसऱ्या बाजूनं चावतो. 'नको'च्या बदली काय वापरायचं?

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते हात धूत होते. "मी दातांचा डॉक्टर आहे," म्हणाले, "नावांचा नाही." आणि बाईंची दाढ त्यांनी बरणीत टाकली.

मी बरणी खाली काढून त्यांच्यापुढं आदळली. "सांगा, यातली तिची कुठली?"

अण्णांनी बरणी फिरवून फिरवून बघितली. त्यांनाही सांगता येईना.

* * *

इंदापूरच्या बाजारात तोंडातली कीड काढून देणारा एक बुवा बसायचा. कसल्या तरी बियांची धुरी द्यायचा, गालावरून हात फिरवायचा आणि हातावर वळवळणारी अळी काढून दाखवायचा. माळवं, म्हणजे भाजीपाला, विकणारा एकजण त्याच्याकडं जाऊन आला आणि काड्यांच्या पेटीत ती अळी घेऊन थेट माझ्यापुढं. वर्षानुवर्षं वांगी पिकवणारा माणूस!

"डाक्टर, तुमी म्हनला हुता, दाढ खोदून भरावी लागंल. ही बघा, कीडच काढून आनली. आता दाढ ठिवायची का न्हाय?"

मी पेटी उघडली. आत गुबगुबीत, फिक्कट गुलाबी अळी. मी ती त्याच्या नाकासमोर धरली. "नीट बघा. ही कुठं बघितलीय का कधी?"

त्यानं नीट बघितली. मान तिरकी करून बघितली. मग चेहरा पडला. "वांग्यातली हाय."

"मग तुमच्या दाढेत कशी आली?"

गाल चाचपत तो म्हणाला, "कालच वांगी खाल्ली हुती!"

* * *

असाच इंदापूरचा एक तरुण. उसाचे पैसे नुकतेच हातात आलेले, डोक्याला रेशमी फेटा. समोरचा एक दात काढून मागायला आला. मी आरशानं बघितलं, खालून बघितलं, ठोकून बघितलं. दात असा की अभ्यासाच्या पुस्तकात छापावा!

"काय होतंय याला?"

"कायबी न्हाय."

"मग काढायचा कशाला?"

"सोन्याचा बसवायचा हाय. ह्यो आडवा येतोय."

मी त्याला हाकललं. अण्णांनीसुद्धा हाकललं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. अण्णा दुखणाऱ्या दाताचे वैरी, चांगल्याला हात लावायचे नाहीत. पण बाजारात कुणीतरी भेटलाच. पंधरा दिवसांनी पठ्ठ्या परत. हसेना, बोलेना, तोंडावर हात. हात काढायला लावला तर समोर एक चकचकीत दात आणि त्याच्या कडेनं, हिरडीपाशी, मस्त हिरवळ दाटलेली.

खाली मान घालून विचारतो कसा, "डाक्टर, पावसाळ्यात सोन्यावर शेवाळ धरतं का?"

धन्य आहे! गेलेला दात परत लावा, असंही वर म्हणाला. तो बांधावर कुठंतरी टाकला होता म्हणे, शोधून आणतो.

* * *

तर आता शेवटचा. धाकट्या सुनेचा.

थोरलीच्या प्रकारानंतर मी बायकांना "काढू का?" असं विचारायचंच सोडून दिलं होतं. बोटानं दाखवा, मानेनं सांगा, असं करायचो. अण्णा मला हसायचे. ते मात्र विचारायचे, "काढू का?" आणि जे उत्तर येईल ते धरून चालायचे.

ऊसतोडीच्या दिवसांत नगातात्या स्वतः गाडी घेऊन आले. मागं धाकटी सून, पदर हनुवटीपर्यंत. विहिरीवर रहाटाचा दांडा निसटून तोंडावर बसला होता. तात्या दारातल्या बाकावर बसले, पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हिचा दात तुटलाय. उरलेला काढून टाका."

मी तिला खुर्चीत बसवलं. पदर जेमतेम ओठापर्यंत वर झाला. वरचा, अगदी समोरचा दात. अर्धा गेलेला, नस उघडी पडलेली. वारा लागला तरी कळ जात असणार. पण मूळ भक्कम! हलवून बघितलं तर तसूभर हलेना. पोरगी अठरा-एकोणीसची. मी तात्यांना म्हणालो, "हा काढायचा नाही. नस मारतो, मूळ साफ करतो, वर चिनीमातीचा तुकडा बसवतो. कुणाला कळणारही नाही. चार-पाच वेळा यावं लागेल."

"चार-पाच वेळा?" तात्या उडालेच. "ऊस तोडनीला हाय! गाडी कुठनं आनू? काढून टाका म्हनतो न्हवं."

"तात्या, समोरचा दात आहे. तरणी मुलगी आहे. जन्मभर तोंडाला खिडकी राहील."

"ऱ्हाऊ दे की! तिला कुठं हसायचं हाय?"

मला काय झालं ते सांगता येत नाही. हातातला आरसा मी ट्रेमध्ये असा टाकला की गणपत दचकला. गणपतला वाटलं, आपणही काहीतरी करावं. तो पुढं होऊन तात्यांना म्हणाला, "तात्या, पर वरचा दात हाय. डोळ्याला काय झालं म्हंजी?"

तात्यांनी त्याच्याकडं कीव करून बघितलं. "डोळ्याची नस बाप्यांच्या दाताला आसती. बायकांच्या न्हाय."

मी तात्यांकडं पाठ केली. सरळ तिला विचारलं, "बाई, दात तुमचा आहे. तुम्ही सांगा. ठेवायचा असेल तर नुसती मान हलवा."

पदर हलला. स्पष्ट हलला!

"बघा," मी म्हणालो.

"वाऱ्यानं हाललं," तात्या म्हणाले.

आता अण्णा उठले. त्यांना हा सगळा वेळेचा अपव्यय वाटत होता. हात पुसत आले आणि खुर्चीशी वाकून नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय बाई, काढू का?"

पदराआडून, अगदी बारीक आवाजात, "आसू द्या."

"झालं!" अण्णा म्हणाले आणि पक्कड उचलली.

मी मध्ये उभा राहिलो. "अण्णा, त्या घरात आसू द्या म्हणजे नको. तुम्हाला माहीत आहे! थोरलीची दाढ अजून बरणीत पडलीय!"

अण्णांनी तात्यांकडं बघितलं. तात्या बाकावर मागं टेकून मिशीतल्या मिशीत हसत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं! आपल्या नावाचा हा उपयोग त्यांना जन्मभर ठाऊक होता.

"आसू द्या म्हंजी आसू द्याच," ते म्हणाले. "नगं आसंल तर नगं म्हनंल की! तिला काय वाचा न्हाय व्हय? म्हन की गं! नगं आसंल तर म्हन!"

पदराखाली तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"न्हाय म्हनत," तात्या म्हणाले. "काढा."

"बाजूला हो," अण्णा मला म्हणाले.

"होणार नाही!"

पण खुर्चीला दोन बाजू असतात. अण्णा वळसा घालून पलीकडून आले. डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी तिचा ओठ वर केला, उजव्या हातातली पक्कड दाताशी नेली. मी त्यांचा हात धरायला झेपावलो, पण माझ्या आधी दुसऱ्याच एका हातानं तो धरला होता. हिरव्या बांगड्यांचा हात. घागरी ओढून ओढून कणखर झालेला. अण्णांचं मनगट त्यात असं अडकलं की पक्कड जागच्या जागी थांबली.

तिनं दुसऱ्या हातानं पदर मागं सारला. पहिल्यांदा तिचा सगळा चेहरा दिसला. अण्णांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. सरळ दारातल्या बाकाकडं बघत, पेठेतल्या माणसांनी माना वळवाव्यात एवढ्या खणखणीत आवाजात ती ओरडली,

"नगा!"

आणि नगातात्या पटका सावरत बाकावरून ताडकन उठून उभे राहिले.

"ओ!"

मग ती हसली. तुटक्या दातानं, तोंडावर हातसुद्धा न धरता.